‘ओबामाकेअर गेलं तरी जुन्या आजारांना धक्का नाही’: दाव्याची तपासणी

ओबामाकेअर, म्हणजे अमेरिकेचा 2010 चा आरोग्यविमा कायदा, रद्द करा म्हणणारे पुढारी बहुधा त्याला जोडून एक आश्वासनही देतात, आणि ते पुढे पाठवलं जात जात आता घरोघरी पोचलं आहे: ‘कायदा गेला तरी आधीपासून आजार असलेल्यांना कोणी विमा नाकारणार नाही. फार आजारी असतील त्यांच्यासाठी हाय-रिस्क पूल (फक्त आजारी लोकांची वेगळी विमा योजना) काढू, बाकीच्यांना स्वस्त पॉलिसी मिळेल. नोकरीतून विमा असलेल्यांना तर काही फरकच नाही.’ एकेक मुद्दा घेऊ.

‘विमा नाकारणार नाही.’ पेशंट टाळायचा तर नाकारणं हा फक्त एक मार्ग झाला. 2010 पूर्वी आणखी तीन होते: प्रीमियम वाढवून सांगायचा, आहे तो आजार वगळून बाकीचं कव्हर द्यायचं, किंवा खर्चाला वार्षिक आणि आयुष्यभराची कमाल मर्यादा घालायची. ओबामाकेअरने चारही बंद केले. अर्ज आला की पॉलिसी द्यायचीच. दर ठरवताना वय, ठिकाण, तंबाखू आणि कुटुंबातली माणसं एवढंच बघायचं. सर्वांत वयस्क प्रौढाला तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त लावायचं नाही. बाळंतपण, औषधं, मानसिक आजार धरून दहा प्रकारच्या सेवा द्यायच्याच.

ओबामाकेअर मोडीत काढायला आणलेल्या आणि 4 मे 2017 रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहात 217 विरुद्ध 213 मतांनी मंजूर झालेल्या विधेयकात पॉलिसी नाकारण्यावरची बंदी तशीच होती. गोम त्याला जोडलेल्या मॅकआर्थर दुरुस्तीत होती. राज्याने सूट घेतली, तर ज्याच्या विम्यात किमान 63 दिवसांचा खंड पडला त्याला वर्षभर आजार पाहून दर लावता आला असता. कॅन्सरच्या पेशंटला ‘नाही’ म्हणायचीही गरज उरत नाही. आकडा ऐकूनच तो उठून जातो.

‘पॉलिसी देण्याची हमी ठेवू, विमा घेण्याची सक्ती काढू’ असंही म्हणतात. हा प्रयोग होऊन गेला आहे. वॉशिंग्टन राज्याने 1993 मध्ये सर्वांना विम्याची सक्ती आणि पॉलिसीची हमी असा कायदा केला. 1995 मध्ये सक्ती काढली, हमी ठेवली. लोक आजारी पडल्यावर पॉलिसी घेऊ लागले, प्रीमियम चढले, निरोगी माणसं बाहेर पडली, प्रीमियम आणखी चढले. 1999 पर्यंत कंपन्यांनी नवीन वैयक्तिक पॉलिसी विकणंच थांबवलं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: विमा न घेणाऱ्याला ओबामाकेअरने लावलेला दंडही 2019 पासून शून्य आहे, काय कोसळलं? कोसळलं नाही, कारण अनुदानाने तोललं. अनुदानपात्र माणूस ठराविक सिल्व्हर (मधल्या दर्जाच्या) प्लॅनसाठी उत्पन्नाचा ठराविक टक्काच भरतो. प्रीमियम चढला तर वरचा भार सरकार उचलतं, म्हणून निरोगी लोकही टिकतात. पूर्ण रद्द करण्यात हा आधारही जातो.

‘हाय-रिस्क पूल आहेतच.’ होते. 35 राज्यांत होते आणि 2011 मध्ये त्यांत सगळे मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं होती. उलट आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या कैसर फाउंडेशनच्या 2016 मधल्या अंदाजानुसार, जुन्या नियमांखाली वैयक्तिक पॉलिसी नाकारली गेली असती असे 65 वर्षांखालचे प्रौढ 5 कोटींहून अधिक. बाकीचे गेले कुठे? पूलचा प्रीमियम बाजारभावाच्या बहुधा दीड ते दोनपट. ज्या आजारासाठी पूलमध्ये यायचं, त्याच आजाराचा खर्च बहुतेक ठिकाणी पहिले सहा ते बारा महिने मिळायचा नाही. कॅलिफोर्नियात वर्षाला 75,000 डॉलरची मर्यादा होती. फ्लोरिडाने 1991 पासून नवीन माणूस घेतलाच नाही.

दोष चालवणाऱ्यांचा नव्हता. फक्त आजारी माणसं एकत्र केली की प्रीमियममधून खर्च निघत नाही, उरलेला तिजोरीतून द्यावा लागतो, आणि तिजोरी आखडली की आधी प्रवेश बंद होतो. 2010 च्या कायद्यातला तात्पुरता केंद्रीय पूल बघा: 5 अब्ज डॉलर, अट सहा महिने विम्याविना राहिलेलं असण्याची. तरीही एक लाखाच्या आसपास लोक आले आणि 2013 च्या सुरुवातीला नवे अर्ज थांबवावे लागले.

‘स्वस्त पॉलिसी.’ निरोगी तिशीतल्या माणसाला मिळेल, हे खरं. पन्नाशीतल्या, अनुदान न बसणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला आजचा प्रीमियम जड जातो, ही तक्रारही रास्त आहे. पण स्वस्ताई येते ती गाळण्यातून: 2011 मध्ये वैयक्तिक पॉलिसीधारकांपैकी 62 टक्के लोकांना बाळंतपणाचं कव्हर नव्हतं.

‘नोकरीतून विमा आहे.’ आयुष्यभराच्या मर्यादेवरची बंदी कंपनीच्या विम्यालाही लागू आहे, पण फक्त त्या दहा सेवांपुरती. त्यांची यादी राज्यांनी छाटली की मर्यादा परत येऊ शकते. नोकरी गेलीच तर कोब्रामध्ये (कंपनीचाच विमा काही काळ स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याची सोय) पूर्ण प्रीमियम आणि वर 2 टक्के भरावे लागतात. ते झेपत नसेल तर 60 दिवसांत मार्केटप्लेसमधून (ओबामाकेअरचा सरकारी विमा बाजार) पॉलिसी घ्यायची. तिथे मधुमेह विचारत नाहीत, तो याच कायद्यामुळे.

ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांचं तर सगळं यावरच अवलंबून. अमेरिकेत कधी काम केलेलं नसेल तर वय 65 झालं तरी सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) विकतही मिळत नाही, आणि व्हिजिटर विमा जुना आजार सहसा वगळतो किंवा अगदी मर्यादित कव्हर देतो. उरते मार्केटप्लेस पॉलिसी. जुलै 2025 च्या कायद्याने, या पाच वर्षांत उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असलेल्यांचं अनुदान 2026 पासून काढून घेतलं. पॉलिसीची हमी मात्र अजून आहे, म्हणून पूर्ण पैसे भरून का होईना, बायपास झालेल्या वडिलांना पॉलिसी मिळते.