नुसत्या सायटेशनवर भिस्त नको

जीनोमिक्समधील (सजीवांच्या संपूर्ण जनुकीय साठ्याच्या अभ्यासातील) एका शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचा आढावा घेणारा एक लेख वाचला. त्या लेखाने एकूण सायटेशन (शोधनिबंधांना इतर निबंधांत मिळालेले हवाले) आणि एच-इंडेक्स या दोनच आकड्यांवर भिस्त ठेवली आहे, ती मला अपुरी वाटते. जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या एच-इंडेक्सनुसार ४० या आकड्याचा अर्थ, प्रत्येकी किमान ४० वेळा उद्धृत झालेले ४० शोधनिबंध, एवढाच होतो. त्यांत त्या व्यक्तीचा वाटा किती, हे कळत नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकामध्ये आलेल्या मानवी जीनोमच्या निबंधासारख्या कामांना शेकडो सहलेखक असतात आणि सायटेशन मात्र प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच जमा होते. शिवाय सायटेशन मोजणाऱ्या सेवांपैकी गूगल स्कॉलर प्रबंधांतले हवालेही मोजत असल्याने तिथला आकडा सहसा स्कोपस या दुसऱ्या सेवेपेक्षा मोठाच दिसतो.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये नोंदवलेला बॉम्बे रक्तगट रक्तपेढीतल्या तंत्रज्ञालाही ठाऊक असतो, कारण साध्या तपासणीत ‘ओ’ गटाच्या वाटणाऱ्या या रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्त दिले तरी ते जिवावर बेतू शकते. असे शोध पाठ्यपुस्तकांत मुरले की मूळ निबंधाचा हवाला देण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही, आणि मग सायटेशनचा हिशेब त्यांच्या बाबतीत तोकडाच पडतो.

लेखकाने प्रथम लेखक आणि संपर्क-लेखक (निबंधाबाबतचा पत्रव्यवहार पाहणारा, सहसा कामाचा प्रमुख) म्हणून असलेले निबंध वेगळे काढून दाखवावेत, म्हणजे या शास्त्रज्ञाचे स्वतःचे काम आम्हा वाचकांना नीट पारखता येईल.