सगळ्यांना दिसेल असा एक फोल्डर

प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ज्याला न फाडता काढता येतो, तो ऑफिसच्या दृष्टीने संगणकतज्ज्ञ असतो. या न्यायाने फाइल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा संगणक, निवडायचं काम माझ्याकडे आलं.

"फार काही नकोय," साहेब म्हणाले. "एक फोल्डर हवा. सगळ्यांना दिसला पाहिजे, सगळ्यांना उघडता आला पाहिजे. बस."

आता हे सगळे म्हणजे कोण, ते सांगतो. हिशेब विभाग विंडोजवर. डिझाइनची मंडळी मॅकवर. आतल्या खोलीत आकडेमोड करणारे लिनक्सवर. ते सहसा कोणाशी बोलत नाहीत, पण त्यांना मत मात्र प्रत्येक गोष्टीवर असतं. ज्या वर्षी ज्याला जे स्वस्त किंवा देखणं वाटलं ते यंत्र घेतलं गेलं, आणि आजवर काही अडलंही नाही, कारण फाइल द्यायची असली की पेनड्राइव्ह खिशात घालून चालत जायची पद्धत होती. व्हायरस फिरायचे, पण माणसंही फिरायची.

आधी विक्रेत्यांना बोलावलं. पहिल्याच्या माहितीपत्रकात 'विंडोज, मॅक, लिनक्स' असं लिहून तिन्हीपुढे हिरव्या खुणा केलेल्या होत्या. मी विचारलं, "वेगवेगळ्या यंत्रांवरचे यूजर आयडी, म्हणजे माणसांना दिलेले नंबर, तुमचा डबा जुळवतो कसे?"

"सर, याला एसएसडी कॅश आहे."

"फाइलच्या नावांचं काय?"

"एसएसडी कॅशमुळे नावं लगेच दिसतात."

पुढच्या विक्रेत्याकडे कॅश, म्हणजे पटकन हाताशी लागणारी जादा साठवण, जास्त होती, एवढाच फरक. वास्तविक आमच्या भिंतीतली तार एक गिगाबिटची. तिच्यातून सेकंदाला 110 मेगाबाइटच्या आसपास डेटा जातो, आणि मोठी फाइल असेल तर साधी फिरती डिस्कसुद्धा तेवढं सहज देते. कॅश कितीही वेगवान लावली तरी ती तारेच्या तोंडाशी रांगेतच उभी राहणार. हे मी सांगितलं तेव्हा विक्रेत्याने माझ्याकडे पाहून तारही बदलायचं कोटेशन काढलं.

मग आतल्या खोलीत गेलो. तिथे एकमुखाने उत्तर आलं: एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये आणलेली ही नेटवर्कवरून फाइली वाटायची पद्धत, आणि तिच्या साध्या रूपात तिचा स्वभाव अत्यंत भाबडा. समोरचा संगणक म्हणतो, "मी 1000 नंबरचा माणूस." सर्व्हर म्हणतो, "या, बसा." पासवर्ड नाही, चौकशी नाही. गंमत अशी, की बहुतेक लिनक्सवर पहिल्या यूजरला 1000 हाच नंबर मिळतो आणि आतल्या खोलीत प्रत्येकजण आपापल्या यंत्राचा पहिला यूजर. त्यामुळे सर्व्हरच्या लेखी ती अख्खी खोली म्हणजे एकच माणूस. उलट मॅकवर पहिल्या यूजरचा नंबर 501. ज्याच्याकडे मॅकही आहे आणि लिनक्सही, तो बिचारा एकटा असून दोन. अद्वैत आणि द्वैत ही दोन्ही दर्शनं एकाच डब्यात नांदताना मी पहिल्यांदाच पाहिली.

"त्याला कर्बेरॉस लावायचं," आतून आवाज आला. कर्बेरॉस म्हणजे कडक ओळखपत्र तपासणी. पण त्यासाठी सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली लागतात. नेहमीच्या मांडणीत 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की प्रवेश बंद. आमच्याकडे माणूस अर्धा तास उशिरा आला तर त्याला 'आज लवकर?' असं विचारतात. शिवाय एनएफएसचा सर्व्हर बंद पडला तर जोडलेली यंत्रं तक्रार न करता वाट पाहत बसतात. पडद्यावर मजकूर येतो, की सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहेत. हे हिशेबातल्या मॅडमना मार्चअखेरीला दिसलं, तर त्यांचे प्रयत्न कोणत्या दिशेने चालू होतील हे मला माहीत आहे.

फाइली वाटायची विंडोजची बोली वेगळी, एसएमबी. ती जन्मली आयबीएममध्ये आणि वाढवली मायक्रोसॉफ्टने. ऑस्ट्रेलियात शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेलने 1991 च्या अखेरीस यंत्रांमधली अशीच बोलणी कान देऊन ऐकली आणि तसंच बोलणारा सर्व्हर स्वतः लिहून काढला. त्याचंच पुढे सांबा झालं. त्या बोलीची अधिकृत कागदपत्रं सांबावाल्यांच्या हाती पडली 2007 च्या डिसेंबरात, तीही युरोपातल्या मोठ्या खटल्यानंतर. तोवर बरंचसं काम ऐकीव माहितीवर चाललं होतं, आणि उत्तम चाललं होतं. आत लिनक्स, बाहेरून विंडोज. समोरच्याला पत्ताही लागत नाही. सरकारी कचेरीत असा माणूस असता तर तो सचिवपदापर्यंत पोचला असता. त्यात ॲपलनेही 2013 मध्ये मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून स्वतःची बोली एएफपी मागे सारून एसएमबीलाच पहिली पसंती दिली. म्हणजे मॅकचाही प्रश्न सुटला.

असं वाटलं. मग नावं आली.

मॅकच्या फाइंडरला फाइलच्या नावात तिरकी रेघ चालते, कोलन चालत नाही. लिनक्सला कोलन चालतो, तिरकी रेघ चालत नाही. विंडोजला दोन्ही चालत नाहीत. शिवाय प्रश्नचिन्ह, तारांकन आणि दुहेरी अवतरणही वर्ज्य. थोडक्यात, विंडोजवरच्या फाइलला स्वतःबद्दल शंका घेता येत नाही. डिझाइनवाल्यांची निम्मी कामं 'फायनल?' याच नावाने असतात. त्यांना मी ते प्रश्नचिन्ह काढायला सांगितलं, तर म्हणाले, "मग क्लायंटला फायनलच वाटेल ना!"

रोमन अक्षरांचा तंटा आणखी वेगळा. कॅपिटल 'आर'चा रिपोर्ट आणि लहान 'आर'चा रिपोर्ट या लिनक्सला दोन फाइली, विंडोजला एकच. यावर हिशेबातल्या मॅडमनी तोडगा काढला. "नावं मराठीत द्या की! आपल्याकडे लहान-मोठं अक्षर नाहीच." सभेत टाळ्या पडल्या. चार दिवसांनी एका फोल्डरमध्ये 'दुसऱ्या तिमाहीचा अहवाल' शेजारीशेजारी दोनदा दिसायला लागला. वेलांटीला वेलांटी, मात्रेला मात्रा, तंतोतंत तेच नाव. कारण निघालं आपल्या 'ऱ्या'मध्ये. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, 'ऱ' हे एक सबंध अक्षर म्हणूनही ठेवता येतं आणि साध्या 'र'खाली नुक्ता देऊनही. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्क नावं अशी फोडून ठेवायच्या. इतर यंत्रांवर टाइप केलेलं अक्षर सबंध राहतं. दोन्हीकडून जशाच्या तशा प्रती लिनक्सवर आल्या, की तिथला सर्व्हर दोन्ही नावांचा वेगवेगळा सन्मान करतो. शुद्धलेखनाचे नियम पाळूनही हे होतं, हे मराठीच्या शिक्षकांपासून लपवलेलं बरं. अहवालाचं नाव आता 'तिमाही 2' आहे.

शेवटी ठरलं ते असं: लिनक्सचा साधा सर्व्हर, त्यावर सांबा, आणि सगळ्यांनी एसएमबीच बोलायचं. आतल्या खोलीला त्यांच्या आकडेमोडीपुरता वेगळा फोल्डर एनएफएसवर. एकच फोल्डर दोन्ही दारांनी उघडायचा नाही, कारण एका दाराने उघडलेल्या फाइलीला लावलेलं कुलूप दुसऱ्या दाराला दिसेलच याची हमी घ्यायला मी तयार नव्हतो. आतली खोली यावर नाराज झाली, म्हणजे नेहमीसारखीच राहिली.

साहेबांनी कागद चाळला. "डिस्क चार कशाला?"

"रेड आहे, सर, म्हणजे चार डिस्क मिळून एकच साठा. एक गेली तरी काम चालू राहतं."

"मग हे बॅकअपचं वेगळं काय लावलंय? खोडा."

रेडमध्ये डिस्क मेली तर फाइल वाचते, पण माणसाने फाइल पुसली तर ती चारही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसली जाते, हे मी समजावलं. साहेब म्हणाले, "आपल्याकडे कोण पुसतंय?" तेवढ्यात खोलीतल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं आणि बॅकअप मंजूर झाला.

राहता राहिला स्कॅनर. जिन्याजवळचा, जुना, धष्टपुष्ट. त्याला एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षाअखेरीपासून नव्या विंडोज 10 मध्ये ती आपोआप बसवणं थांबलं आणि 2019 पासून सांबानेही ती मुळातच बंद ठेवली. एका स्कॅनरसाठी सगळ्या ऑफिसचं दार उघडं टाकायला मी नकार दिला. नवा स्कॅनर घ्यायला साहेबांनी नकार दिला, म्हणाले, "चांगला चालतोय की." तेव्हा त्याच्याजवळ एक जुना संगणक ठेवला आहे, बाकी नेटवर्कपासून तोडून, फक्त मुख्य सर्व्हरपुरती वाट ठेवून. स्कॅनर त्याच्याशी आपल्या जुन्या बोलीत बोलतो आणि मुख्य सर्व्हर येऊन कागद उचलून नेतो. आमच्याकडे स्वतःचा खाजगी सर्व्हर असलेला तो एकटाच. साहेबांनाही नाही.