"२१ वर्षांत सुटणार": उटोयावरचा तो फॉरवर्ड किती खरा?

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा तो मेसेज परत फिरत आला. "नॉर्वेत ७७ माणसं मारणाऱ्या ब्रेविकला फक्त २१ वर्षं, वेडा ठरवून वाचवला, थ्री बीएचके जेलमध्ये व्हिडिओ गेम खेळतोय, लवकरच सुटणार. पोलिसही मुद्दाम उशिरा पोचले. आपण कसाबला लटकवला, शिका म्हणावं गोऱ्यांना!" खाली अंगठ्यांची रांग. काकांना तिथेच उत्तर टाइप करायला घेतलं, ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकू.

आधी थोडक्यात प्रकरण. २२ जुलै २०११, दुपारी ३:२५ ला ओस्लोत सरकारी ऑफिसांसमोर व्हॅनमध्ये बॉम्ब फुटला, ८ जण गेले. मग तो बॉम्ब ठेवणारा ब्रेविक, एक अतिउजवा दहशतवादी, पोलिसाच्या वेषात जवळच्या उटोया बेटावर गेला, तिथे लेबर पार्टीच्या युवा संघटनेचं उन्हाळी शिबिर चालू होतं, तिथे ६९ गेले, अर्ध्याहून जास्त विशीच्या आतली पोरं, सगळ्यात लहान १४ वर्षांची.

आता "फक्त २१ वर्षं". आकडा बरोबर, अर्थ चूक. ही शिक्षा 'फोरवारिंग' प्रकारची आहे, म्हणजे २१ वर्षं संपताना माणूस अजून धोकादायक वाटला तर कोर्ट मुदत वाढवतं, एका वेळी ५ वर्षांपर्यंत, आणि असं कितीही वेळा, म्हणजे मरेपर्यंत आत राहू शकतो. १० वर्षांनी पॅरोल मागता येतो, त्याने मागितलाही, २०२२ मध्ये कोर्टाने फेटाळला, २०२४ मध्ये परत फेटाळला. आपल्याकडे नाही का "जन्मठेप म्हणजे १४ वर्षं" असं अर्धं गाव छातीठोकपणे सांगतं, त्यातलाच हा प्रकार.

"वेडा ठरवून वाचवला" हे तर चक्क उलटं आहे. पहिल्या डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया आहे म्हटलं, त्यावर गदारोळ झाला, दुसऱ्या टीमने शहाणा ठरवला. सरकारी वकिलांनीच त्याला मनोरुग्णालयात पाठवा म्हणून मागणी केली होती, आणि तो स्वतः मला वेडा म्हणू नका म्हणून भांडत होता! ऑगस्ट २०१२ मध्ये कोर्टाने शहाणा ठरवून शिक्षा दिली.

थ्री बीएचके... हे बरंचसं खरं आहे, उगाच नाकारत नाही. किचन, टीव्ही, गेम, व्यायामाची सोय, पाळायला छोटे पोपटसुद्धा. मलाही वाचून चीड आली. पण मेसेजमध्ये हे नाही की त्याला बाकीच्या कैद्यांपासून वर्षानुवर्षं वेगळं ठेवलंय आणि ह्या सोयी त्या एकटेपणाची भरपाई म्हणून आहेत. एकटं ठेवणं अमानुष आहे म्हणून त्याने सरकारवर केस केली, २०१६ ला थोडी जिंकला, २०१७ ला वरच्या कोर्टात हरला, २०२४ ला नवीन केसही हरला.

पोलिसांचं मात्र नीट सांगायला हवं. 'मुद्दाम' काही नव्हतं, पण जे झालं ते लाजिरवाणंच. बॉम्बनंतर दहाएक मिनिटांत एका माणसाने फोन करून सांगितलं, पोलिसाच्या कपड्यातला एकजण हातात पिस्तूल घेऊन गाडीत बसून गेला, आणि गाडीचा नंबरही दिला. तो नंबर एका चिठ्ठीवर लिहिला गेला आणि ती चिठ्ठी वीसेक मिनिटं टेबलावर तशीच पडून राहिली. हेलिकॉप्टरचा क्रू सुट्टीवर. कमांडो रस्त्याने आले, सगळे एका रबरी बोटीत चढले, ती भाराने बंद पडली, मग साध्या लोकांच्या बोटी घेऊन बेटावर गेले. गोळीबार तोवर तासाहून जास्त चालू होता. समोरच्या काठावर सुट्टीला आलेले लोक त्याआधीच आपापल्या होड्या घेऊन पाण्यातून पोरांना ओढून काढत होते. आणि हे दडपलं वगैरे नाही, सरकारनेच नेमलेल्या आयोगाने २०१२ मध्ये लिहून दिलं की ओस्लोतला बॉम्ब टाळता आला असता आणि पोलिस आधी पोचू शकले असते. पोलिसप्रमुखाला जावं लागलं.

कसाबचं म्हणाल तर नॉर्वेत शांततेच्या काळातली फाशी १९०२ लाच बंद झाली, ब्रेविकसाठी कोणी वेगळी दया दाखवली असं नाही.

मेसेजमध्ये बेटाचं पुढे काय झालं तेही नाही. बेटावरच्या कॅफेची इमारत, जिच्या भिंतींना गोळ्यांची भोकं आहेत, तिच्या भोवती नवीन लाकडी घर बांधलंय. छताला ६९ खांब, बाहेरून ४९५ छोट्या खांबांचं कुंपण. ६९ गेलेल्यांसाठी, ४९५ वाचलेल्यांसाठी. आणि २०१५ पासून तिथे परत शिबिर भरतंय.