घुबडाचं पीस आणि काकांचा कान

ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याची सोसायटी. पार्किंगमध्ये पडलेलं पीस बघायला मी उकिडवा बसलो, एवढाच काय तो गुन्हा.

“चावी पडली का हो?” तिसऱ्या मजल्यावरचे काका.

“नाही काका, घुबडाचं पीस दिसतंय.”

काका दोन पावलं मागे सरकले, मग तीन पावलं पुढे आले. “कुठलं घुबड? पांढरं असेल तर लक्ष्मीचं, तिजोरीत ठेवू. नाहीतर...” आणि त्यांनी बी विंगकडे बोट केलं. बी विंगशी त्यांचं पाण्याच्या टाकीवरून बिनसलंय.

तरीही मी समजावत बसलो. मूर्खपणा माझाच.

आधी लांबी. घारीचं पंखातलं मोठं पीस फूटभर भरतं, गव्हाणी घुबडाचं वीतभर, पिंगळ्याचं जेमतेम अर्धी वीत. हे वीतभर होतं. सोनेरी-पिवळसर, त्यावर गडद आडवे पट्टे, टोकाकडे राखाडी शिंतोडे, खालची बाजू जवळजवळ पांढरी. म्हणजे गव्हाणी. पिंगळ्याचं तपकिरी असतं, त्यावर पांढरे ठिपके. पण नुसत्या रंगावर जाऊ नये, खरी खूण कडेला असते. दांड्याची एक बाजू अगदी अरुंद असेल तर पीस पंखाच्या टोकाकडचं. घुबडाच्या पंखात टोकाकडची अशी मोठी पिसं दहा, आणि त्यातल्या सर्वांत बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात. आतलं पीस सापडलं तर दाते दिसणारच नाहीत, म्हणून लगेच ‘घुबड नव्हे’ म्हणू नये. मत्स्य घुबडाला तर ते जवळपास नसतातच. पाण्यातल्या माशापासून आवाज लपवायचा कशाला? आतलं पीस असेल तर वरची मखमल आणि मागच्या कडेची झालर बघायची. टॉर्च तिरका धरला की मखमल उठून दिसते. मखमलीवरही डोळे मिटून विसंबू नये, रातवा या निशाचर पक्ष्याची पिसंही मऊच. आणि धुवायचं तर नाहीच. ओलं झालं की सगळं चिकटतं.

“म्हणजे उडताना आवाजच नाही?”

“ऐका.” शेजारी कबुतराचं पीस होतंच, ठाण्यात ते शोधावं लागत नाही. दोन्ही पिसं काकांच्या कानाशी एकेक करून जोरात हलवली.

“घुबडाचं ऐकू आलं?”

“नाही.”

“कबुतराचं?”

“नाही!” काका खूश. “म्हणजे दोन्ही घुबडाचीच.”

कानातलं मशीन घरी राहिलं होतं.

मी पीस पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि पिशवीत पट्टी शोधू लागलो. पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे आणि पीस तिथेच सोडून द्यायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पीससुद्धा धरलंय. मोराच्या गळलेल्या पिसांना सूट आहे, घुबडाच्या नाही. तिजोरीचं तर नावच नको. हे बोलता बोलता माझा आवाज चढला. चढणारच. याच तिजोरीच्या वेडापायी दिवाळीच्या सुमाराला घुबडं पकडतात, विकतात, बळी देतात. लक्ष्मीचं वाहन मारून लक्ष्मीला घरी बोलवायचं! कुणाची गाडी जाळून त्यालाच जेवायला या म्हणण्यातला प्रकार. आणि वर घुबडालाच अशुभ म्हणायचं, ज्याने रात्रभर आपल्याच गटारातले उंदीर वेचले.

पट्टी सापडली. मान वर केली तर काका डोळे मिटून, मान कलती करून पीस कानात फिरवत होते. नेमकं दात्यांच्या बाजूने.

“मऊ आहे हो!”

मग त्यांनी ते बनियनला पुसलं आणि मोठ्या मनाने परत दिलं. दाते एकमेकांना चिकटले होते. त्या कडेवरून आता ते कोंबडीचंही म्हणता आलं असतं.

“मग काय ठरलं?” काकांनी विचारलं. “तिजोरी की बी विंग?”