चाकोरीत न बसणारे टायर

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा टायर फुटला तो शेणखताच्या भरल्या खेपेत, कराडच्या रस्त्याला, भर दुपारी. आवाज असा झाला की ट्रॉलीत ढिगावर झोपलेला आमचा गडी डोळे मिटलेल्या अवस्थेतच हात जोडून उभा राहिला. मी बँकेत तीस वर्षं काढून गावाकडं शेती करायला आलेला माणूस. टायर काळा असतो, गोल असतो आणि त्यात हवा भरतात, एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललं होतं.

पंक्चरवाल्या मामांनी चाक काढलं, आत हात फिरवला आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडं बघितलं.

"दोन्ही बदला साहेब. उजवा बी गेल्यातच जमा हाय."

म्हटलं, बदला.

"साधा घालायचा का रुंद?"

या एका प्रश्नानं माझा सगळा जून आणि अर्धा जुलै खाल्ला.

साधा म्हणजे ६.००-१६. सहा इंच रुंद, सोळा इंची डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी भागावर बसणारा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला याच मापाचे टायर होते, त्यामुळं आमच्याकडची जुनी माणसं त्याला अजून 'जीपचा टायर' म्हणतात. रुंद म्हणजे १०.०/७५-१५.३. हा आकडा मला आधी कुणाचा तरी कर्जखाते क्रमांक वाटला. दुकानदारानं फोड करून सांगितली: रुंदी दहा इंच, त्या रुंदीच्या ७५ टक्के उंची, आणि डिस्क १५.३ इंचाची. हे पॉइंट तीन ज्यानं काढलं तो माणूस नक्की ऑडिट खात्यातला असणार. कारण त्या पॉइंट तीनमुळं आमची सोळाची जुनी डिस्क बाद. डिस्क नवी घ्यायची तर तिला भोकं सहा, आमच्या हबला बोल्ट पाच. म्हणजे हब नवा. हब नवा तर एक्सल जरा जाड हवा. शिवाय रुंद टायर आतल्या बाजूनं स्प्रिंगच्या पाट्याला घासणार, म्हणून एक्सल लांबही हवा.

"आणि एक्सल बदलताच आहात तर..." दुकानदार म्हणाला.

"तर ट्रॉलीच नवी घेतो, जुनी तुम्ही ठेवा," मी म्हणालो.

"एक्सचेंजमधी बघू की," तो गंभीरपणे म्हणाला. विनोद कळत नसला की माणूस धंद्यात पुढं जातो.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. तात्या रुंदवाले निघाले. "उंटाचा पाय बघ. पसरट. म्हणून वाळूत रुतत न्हाई." तात्यांनी आयुष्यात उंट बघितला तो जत्रेत, आणि तोही डांबरावर उभा. पण मुद्दा बिनतोड होता. माझा धाकटा भाऊ साधावाला. त्याचं म्हणणं, अरुंद चाक वरचा चिखल कापत जातं आणि खालच्या घट्ट थरावर टेकतं. माळावरच्या मुरमाड रानात हे खरंही आहे. पण आमचं रान कृष्णाकाठचं, काळं. तिथं चाक खालचा घट्ट थर शोधायला निघालं तर थराआधी पाणी लागतं.

म्हशीला बघायला जनावरांचे डॉक्टर आले होते. इंजेक्शन भरता भरता त्यांनीही विचारलं, "काय ठरलं टायरचं?" मला राग आला खरा. पण नंतर आठवलं की हवेचा टायर चालवून दाखवणारा डनलॉप हाही बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टरच. पोराची तीनचाकी सायकल फार दणके देते म्हणून त्यानं चाकांना हवेच्या नळ्या गुंडाळल्या आणि १८८८ साली पेटंट घेतलं. तेव्हा या विषयावर बोलायचा पहिला हक्क खरं तर यांचाच. मी आदरानं मत विचारलं. ते म्हणाले, "म्हैस गाभण आहे."

शेवटी इंजिनीअरिंगला असलेला पुतण्या सुट्टीला आला. त्यानं कुणाचंच ऐकून घेतलं नाही. माझ्या बायकोचा रांगोळीचा डबा मागून घेतला, सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा कागद पसरला, उजव्या टायरला रांगोळी फासली आणि जॅकवर उचललेली भरली ट्रॉली हळूच कागदावर टेकवली. परत उचलल्यावर कागदावर उमटलेला ठसा बघून मी चाटच पडलो. दोन पोस्टकार्डं शेजारी-शेजारी ठेवली तर त्याहूनही लहान! एवढ्याशा जागेवर सातशे किलो उभे होते.

"काका, हवा किती आहे?"

"चौरस इंचाला पंचेचाळीस पौंड."

"म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सव्वातीन किलोच्या आसपास. सातशेला त्यानं भागा."

मी भागाकारात मुरलेला माणूस. दोनशे वीसच्या आत-बाहेर आलं, आणि टेप लावून मोजलं तर ठसाही जवळपास तेवढाच. मग त्यानं हवा निम्मी केली. ठसा जवळजवळ दुप्पट झाला. टायर तोच, मापही तेच.

"जमिनीला टायरची रुंदी दिसत नाही काका, हवा दिसते. रुंद टायर घेऊन त्यात पंचेचाळीसच ठासली, तर ठसा आडवा होईल, मोठा होणार नाही."

"मग याच टायरमध्ये कमी हवा घालून चालवतो की!"

"चालवा. रस्त्यावर भरल्या खेपेला बाजू दुमडून दुमडून तापेल आणि फुटेल. कदाचित असाच फुटला असेल." गड्यानं तेवढ्यात दुसरीकडं बघितलं. "रुंद टायरच्या पोटात हवा जास्त मावते, म्हणून तेवढंच ओझं तो कमी दाबात पेलतो. पैसे त्याचे."

पहिल्यांदाच कुणीतरी उंट मध्ये न आणता बोललं होतं. मी रुंदच्या बाजूनं झुकलो. बायको म्हणाली, "ठरलं ना एकदाचं? मग माझी रांगोळी आणून द्या."

पण बँकेची सवय. तपासणी केल्याशिवाय मंजुरी नाही. वरच्या आळीच्या आप्पांच्या ट्रॉलीला रुंद टायर होते. आडसाली उसाची लागण तोंडावर आली होती, बेणं टाकायला त्यांची ट्रॉली एक दिवस मागून आणली. मामांकडं जाऊन हवा चोवीस करून घेतली. त्यांनी ती कमी केली, पण तोंड असं केलं की जणू मी भरल्या ताटावरून उठलो.

रानात ट्रॉली काय चालली म्हणता! पाऊस होऊन गेलेला, जिथं आमची जुनी ट्रॉली दरवर्षी एक्सलपर्यंत बसते आणि शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर आणून ओढावी लागते, तिथून ही बेण्यासकट सरळ निघून गेली. काळी माती तेवढी चिकटली. सकाळी दहा इंची असलेला टायर दुपारपर्यंत चौदा इंची झाला होता. तरी मी खूश. दुसरी खेप भरली आणि पाणंदीला लागलो.

आमच्या पाणंदीत दोन चाकोऱ्या आहेत. आमच्या आजोबांच्या बैलगाडीनं पाडल्या, आमच्या वडिलांच्या टायरगाडीनं खोल केल्या आणि उसाच्या वाहनांनी पक्क्या केल्या. आमची जुनी ट्रॉली त्याच टायरगाडीच्या एक्सलवर बांधलेली, त्यामुळं पाणंदीत ती रेल्वेसारखी जाते, स्टिअरिंग सोडलं तरी घर येतं. आप्पांची ट्रॉली चाकोरीत मावेना. टायर रुंद, वर एक्सल लांब. डावं चाक चाकोरीच्या तोंडाशी अडकलं, उजवं मधल्या उंचवट्यावर चढलं. ट्रॉली तिरकी झाली. बेण्याच्या मोळ्या एकेक करून, घाई न करता, ओढ्यात उतरायला लागल्या. मागं दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, तिच्यामागं एक बैलगाडी, तिच्यामागं तात्या.

आयुष्यभर लोकांना 'चाकोरीबाहेर पडा' म्हणून व्याख्यानं देणाऱ्यांना मी त्या ओढ्याच्या काठावर उभं करणार आहे, मोळ्या गोळा करायला.

"तुमचा उंट बघा तात्या," मी म्हणालो.

"उंट मोकळ्या वाळवंटात चालतो," तात्या म्हणाले, "पाणंदीत कोण घालतं त्याला?"

दुसऱ्या दिवशी साधे टायर घेतले. ६.००-१६, आठ पीआर. पीआर (प्लाय रेटिंग) म्हणजे टायरच्या आतल्या कापडी पट्ट्यांची संख्या अशी माझी समजूत होती. आता ते नुसतं ताकदीचं माप उरलंय, आत मोजायला गेलं तर आठ निघतीलच असं नाही. डिस्क जुनी, हब जुना, पाच बोल्ट सुखात. त्याबरोबर हवा मोजायचं मीटर आणि पायपंप घेतला. रानात शिरताना निम्मं ओझं आणि हवा कमी, रस्त्यावर यायच्या आधी परत भरायची. पंप मी मारतो. व्यायाम होतो, असं घरात सांगितलंय. मामांच्या दुकानावरून जाताना मात्र थांबत नाही, कारण चाक दिसलं की ते मायेनं पन्नास भरतात.

वर्षभर हे छान चाललं. या उन्हाळ्यात सरकारच्या पाणंद रस्ते योजनेत आमची पाणंद बसली. जेसीबी आला, दोन्ही कडा मागं सारल्या, खडी टाकली, वर मुरूम पसरला, रोलर फिरला. तीन पिढ्यांच्या चाकोऱ्या दोन दिवसांत गेल्या. रस्ता असा की त्यावर कितीही रुंद टायरची ट्रॉली ऐसपैस जावी.

उद्घाटनाचा नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन तात्या आमच्या ट्रॉलीपाशी आले, वाकून टायरकडं बघितलं आणि म्हणाले,

"एवढा रस्ता झाला, आणि तू हे बारके कशाला घालून बसलास रे?"