मोजे घातले म्हणजे हात धुतले असं नाही

बाबांच्या उशाशी नऊ दिवस बसून होते. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात बघायचे.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं ड्रेसिंग काढलं गेलं. त्याच हातमोज्यांनी पडदा सरकला, खिशातून पेन निघालं, कागदावर काहीतरी लिहिलं गेलं आणि मग तोच हात बाबांच्या सलाइनच्या नळीवर. जेमतेम दोन मिनिटं. मोज्यातला हात स्वच्छच राहिला असेल, पण बाबांच्या वाट्याला काय आलं?

मोज्यांवरचा हा आंधळा विश्वास मला हात न धुण्यापेक्षाही घातक वाटतो. मोजे पेशंटगणिक बदलायचे असतात. ते काढल्यावरही हात स्वच्छ करायचे असतात, कारण मोज्याला बारीक छिद्र असू शकतं आणि काढताना हात बरबटतो. पण मोजे घातले की मनातली टोचणीच जाते.

हॉस्पिटलातले जंतू हवेतून येतात अशी आपली समजूत. टीबी, गोवर, कांजिण्या येतात, खरंय. पण बरेचसे हातांवर बसून फिरतात. एमआरएसएसारखे, बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारे चिवट जंतू खाटेच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर कित्येक आठवडे तग धरतात. तिथून हात, हातावरून लघवीची नळी किंवा सलाइनची सुई, आणि तिथून थेट शरीरात. नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. म्हणून 'ही नळी आज लागणारच आहे का?' हे रोज विचारावं. डॉक्टर चिडले तर चिडू देत.

चिडणं तसं जुनंच आहे. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले. बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी आपलेच हात रोग नेतात हे कित्येकांना पचलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार, दाखल झालेल्या दर 100 पेशंटपैकी श्रीमंत देशांत 7 आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना हॉस्पिटलातच नवा संसर्ग होतो. बरं, सॅनिटायझरही सगळ्यावर चालत नाही. जुलाब करणाऱ्या सी. डिफिसिल या जंतूच्या बीजाणूंना (म्हणजे त्याच्या कवचबंद, सुप्त रूपाला) तो मारत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं.

सगळा राग सिस्टरवर काढण्यात अर्थ नाही. एकीच्या अंगावर इतक्या खाटा, आणि सॅनिटायझरची बाटली एकच, तीही पार दाराशी. खाटेजवळ ठेवली असती तर? हा प्रश्न मोजे घालणाऱ्यांना नाही, व्यवस्था बघणाऱ्यांना आहे.

चौथ्या दिवशी धीर करून म्हटलं, "सिस्टर, मोजे बदलता का?" त्या क्षणभर थांबल्या, बदलले. मग माझ्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हा?"

तो बाबांच्या उशीवर होता. दहा मिनिटांपूर्वी मी तो बाथरूममध्ये बेसिनच्या कडेवर ठेवला होता.