‘पटाच्या बैलाची सात गुपितं’: सहा भंपक, एक जीवघेणं

‘पटाचा बैल घडवण्याची सात गुपितं’ नावाचा मेसेज दिवाळीपासून वर्धा-अमरावतीकडच्या पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, ग्रुपांवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही. खाली नुसतं ‘जुन्या जाणत्यांचं शास्त्र’ आणि जोडलेले हात. इतके दिवस मी बोट न लावता सोडून देत होतो. परवा मात्र पुतण्यानं तोच पाठवला आणि वर लिहिलं, "काकाजी, उद्यापासून गोऱ्ह्याले सुरू करू का?" गोऱ्हा दुसा आहे, म्हणजे दोनच पक्के दात आलेला, आत्ता कुठे छकड्याला, हलक्या गाडीला, लागतोय. म्हणून हे लिहितोय.

आधी तिसरं गुपित घेतो, कारण त्यानं जनावर मरतं. "पटाच्या आठ दिवस आधी कडबा-कुटार बंद करा. रोज पाच किलो भिजवलेले गहू आणि दोन किलो गूळ चारा. पोट आत जातं, अंगात आग येते."

आग येते ती कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात. बैल कडबा पचवतो तो कोटीपोटातल्या जिवाणूंच्या जिवावर. एकाएकी चारा तोडून गहू-गूळ ओतला की आम्ल करणारे जिवाणू माजतात आणि चारा पचवणारे मरतात. निरोगी कोटीपोटाचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) 6 ते 7 असतो, तो साडेपाचच्या खाली घसरतो. अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं. बैल रवंथ सोडतो. डावी कूस फुगते, मूठ दाबली की आत पाणी हिंदकळतं. शेण पातळ आणि आंबट वासाचं, दात करकर वाजतात, चाल झिंगल्यासारखी. मेसेजवाल्याला बहुतेक हीच झिंग म्हणजे आग वाटली असावी. यातून दोन दिवसांत बैल जातो. वाचला तर खुरं सुजतात आणि पट त्याच्यासाठी संपतो. लग्नातला उरलेला भात उकिरड्यावर टाकला आणि गाय गेली, हे कोणत्या गावात झालेलं नाही? रोग तोच. असं काही पोटात गेल्याचं कळलं तर बांबूच्या नळीनं काढे ओतत बसू नका. ओतलेलं फुप्फुसात गेलं तर दुसरंच दुखणं लागतं. सरळ जनावरांच्या डॉक्टरला फोन करा.

यात खरं आहे ते एवढंच की पटाच्या सकाळी जाणता माणूस बैलापुढे भारा टाकत नाही, हलकं ठेवतो. आणि सरकी, ढेप, उडदाची चुरी देतातच, पण मूठ-मूठ वाढवत, दोन-तीन आठवडे घेऊन. कडबा मात्र कधीच बंद नसतो.

आता पहिलं गुपित, कपाळावरच्या केसांच्या भोवऱ्याचं. "डोळ्याच्या रेषेच्या वर भोवरा असलेला बैल मालकाच्या मुळावर येतो, खाली असेल तर पट मारतो." इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय, नाइलाजानं. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या टेम्पल ग्रँडिन बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली निबंध छापला. दीडेक हजार जनावरं शिकंज्यात, म्हणजे जनावर अडकवायच्या सापळ्यात, धरताना पाहिली. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर असलेली जास्त बिथरली, खाली असलेली त्या मानानं शांत राहिली. म्हणजे बाजारात आपले म्हातारे टोपी सारून कपाळ बघत ते अगदीच हवेत नव्हतं. पण त्या अभ्यासात मालकाच्या मुळाचा शब्द नाही आणि पहिल्या नंबरचाही नाही. शिवाय तो कळपाचा हिशोब झाला. दाव्याला बांधून, हाक मारून वाढवलेला एकटा बैल त्या हिशोबाबाहेर जाऊ शकतो.

गंमत अशी की पहिल्या गुपितात भोवऱ्यावरून स्वभाव सांगणारा हा शहाणा दुसऱ्याच गुपितात लिहितो, "बैल म्हणजे इंजिन, स्वभाव बघत बसू नका." शेजारच्या वाड्यात बांड्या आणि मोऱ्या ही बैलजोडी आहे. बांड्या पाण्याची बादली बदलली तरी तोंड लावत नाही, आधी दोनदा फुरफुरतो. मोऱ्या खादाड, कोणाच्याही हातचं खातो, पण बांड्याच्या मानेवर जू पडल्याशिवाय स्वतःची मान पुढे करत नाही. बाजू बदलून जुंपले तर दोघंही तिरपे ओढतात. पटात नवखा धुरकरी (गाडी हाकणारा) बसला की बांड्या कान मागे टाकतो, आणि मग घड्याळात काय उमटणार ते सुटायच्या आधीच कळतं. हे ओळखण्यातच त्या घरच्या माणसाचा हिवाळा जातो. पहाटे नांगरटीतून चालवणं, उन्हं चढली की नाल्यावर धुणं, खांद्याला तेल चोळणं. पळवणं त्या मानानं थोडंच असतं.

"बसू देऊ नका, बसका बैल आळशी." जनावर दिवस-रात्रीत दहा-बारा तास बसतं आणि सहा-सात तास रवंथ करतं, बरंचसं बसूनच. ते मोडलं की पचन मोडलं.

"लाल कापड दाखवून चिडवा." बैलाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातींच्या, आपल्या तीन. तो बुजतो फडफडण्याला. पांढरा दुपट्टा फडकवून बघा.

"विदर्भाच्या बैलात दम नाही, खिल्लारच घ्या." खिल्लार जातीचा बैल पळतो, वाद नाही. पण गौळाऊ ही आपली जात वर्ध्याची, आर्वी-आष्टी-कारंज्याकडची, आणि मराठ्यांच्या फौजेचं सामान झपाट्यानं नेणारा बैल म्हणूनच तिची ओळख आहे. दम नसता तर तिच्यासाठी हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्र, म्हणजे पैदाशीचा फार्म, कशाला लागलं असतं?

सातवं, "कोर्टानं सगळं मोकळं केलं." 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 ला अटींवर सुरू केल्या आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. त्या कायद्यात बैलाला यातना दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. तुतारी (टोकाला अणी असलेली काठी) टोचतानाचे व्हिडिओ स्वतःच्या नावानिशी ग्रुपवर टाकणाऱ्यांनी एवढी ओळ तरी वाचावी.